यंत्रमानवाच्या गुडघ्यात काय असतं?

माणूस उकिडवा बसतो तेव्हा त्याची पोटरी मांडीला जाऊन टेकते. आपल्या अंगवळणी पडलेली ही हालचाल टणक प्लास्टिकमध्ये उतरवायला गेलं, की तिची अवघड बाजू दिसते. मांडी आणि पोटरी एकाच खिळीवर जोडली, तर पाय साधारण काटकोनापर्यंत वाकतो. त्यापुढे दोन्ही भागांच्या मागच्या कडा एकमेकींना अडतात. कडा कापून जागा करावी, तर उभं राहिल्यावर पायामागे खड्डा दिसतो. यातून निघालेला मार्ग म्हणजे दोन खिळींचा गुडघा. एक खीळ मांडीच्या टोकाला, दुसरी पोटरीच्या टोकाला आणि मधे एक छोटा दुवा. दोन्ही ठिकाणी थोडं थोडं वळून पाय पूर्ण दुमडतो.

प्लास्टिकच्या यंत्रमानवाचा किट, म्हणजे सुटे भाग जुळवून उभी करायची प्रतिकृती, खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा असेल तर हा गुडघा धरून चालावं. त्यात साचा, प्लास्टिकचा गुणधर्म, जोडणाऱ्याचा हात आणि पारखणाऱ्याची नजर या चारही गोष्टी भेटतात. या प्रकरणात आपण तेच करणार आहोत. आपलं काम मांडायचं टेबल मात्र धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, ईटला आहे असं समजू. तिथलं ऊन, तिथली धूळ आणि तिथल्या दुकानांत मिळणारी हत्यारं यांचा या कामाशी जवळचा संबंध येतो.

ट्रॅक्टरपासून यंत्रमानवापर्यंत

जोडायच्या प्लास्टिक प्रतिकृती १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आल्या. ‘फ्रॉग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘पेंग्विन’ मालिकेत १/७२ मापाची विमानं होती. पण आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट १९४९ ची आहे. फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना ग्राहकांसमोर ठेवायला ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती हवी होती. ते काम एअरफिक्स या कंपनीकडे आलं. तोवर ही कंपनी प्लास्टिकचे कंगवे करण्यासाठी ओळखली जात होती. पुढे हाच ट्रॅक्टर सुट्या भागांच्या रूपात, घरी जोडायला म्हणून विकला गेला आणि एअरफिक्सचा किटच्या धंद्यात प्रवेश झाला. ज्या फर्ग्युसनचं नाव लावलेले मॅसी ट्रॅक्टर आजही मराठवाड्याच्या शिवारात चालतात, त्याच घराण्यातलं हे यंत्र.

जपानमध्ये या धंद्याचं केंद्र शिझुओका बनलं. लाकूडकामाची जुनी परंपरा असलेला हा भाग. तामिया या प्रसिद्ध कंपनीची सुरुवात १९४६ मध्ये लाकूड व्यवसायातूनच झाली. लाकडी प्रतिकृती करणाऱ्या इथल्या कारखान्यांनी पुढे प्लास्टिक स्वीकारलं. १९६९ मध्ये अडचणीत आलेल्या इमाई या कंपनीचा इथला कारखाना बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने घेतला आणि साच्यांचं तयार ज्ञान तिच्या हाती आलं.

७ एप्रिल १९७९ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर ‘मोबाइल सूट गंडाम’ ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो आणि यंत्रांचे आराखडे करणारे कुनिओ ओकावारा यांनी यंत्रमानवाकडे एक लष्करी वाहन म्हणून पाहिलं. त्याला इंधन लागतं, तो बिघडतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. पहिल्या प्रक्षेपणात मालिका फार चालली नाही. ५२ भागांची योजना ४३ भागांवर आटोपती घ्यावी लागली. पुनःप्रक्षेपणात मात्र तिला मोठा प्रेक्षक मिळाला. जुलै १९८० मध्ये बंदाईने मालिकेतल्या आरएक्स-७८-२ या यंत्रमानवाचा १/१४४ मापाचा किट ३०० येनला बाजारात आणला. त्यात गोंद मिळायचा, रंग आपला आपण द्यायचा आणि गुडघा जेमतेम वाकायचा. पुढे १९९० मध्ये हाय ग्रेड, १९९५ मध्ये मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये परफेक्ट ग्रेड आणि २०१० मध्ये रिअल ग्रेड अशा श्रेणी आल्या. गोष्टीतला यंत्रमानव तोच राहिला. सुधारत गेला तो साचा.

मापांचं गणितही समजून घेऊ. गोष्टीतला आरएक्स-७८-२ हा १८ मीटर उंच आहे. १/१४४ मापात तो साडेबारा सेंटिमीटर होतो, १/१०० मध्ये १८ आणि १/६० मध्ये ३० सेंटिमीटर. १४४ हा आकडा फूट-इंचांतून आला आहे: प्रतिकृतीतला एक इंच म्हणजे खऱ्या वस्तूचे बारा फूट. हा आकडा लक्षात ठेवावा, पारख करताना तो पुन्हा लागेल.

साचा काय करू देतो, काय नाही

किटचे भाग बहुतेक पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात. त्याचे दाणे दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून पातळ केले जातात आणि प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवले जातात. साच्याच्या दोन बाजू घट्ट मिटलेल्या असतात. आत कोरलेल्या वाटांनी प्लास्टिक भागांपर्यंत पोचतं. या वाटा म्हणजे रनर. भागाच्या तोंडाशी वाट जिथे अरुंद होते ते गेट. प्लास्टिक थंड झालं की साचा उघडतो, इजेक्टर पिना आतून ढकलतात आणि भागांसकट पूर्ण चौकट बाहेर पडते. खोक्यात आपल्याला मिळते ती हीच चौकट.

इथेच गुडघ्याचा प्रश्न येतो. पेणचे मूर्तिकार रबरी साचे वापरतात. गणपतीच्या हाताखालचा, सोंडेमागचा आत वळलेला आकार त्यातून निघतो, कारण रबर वाकतं. पोलाद वाकत नाही. दोन बाजूंनी सरळ उघडणाऱ्या साच्यातून आत वळलेला भाग निघूच शकत नाही, तो अडकून बसतो. त्यामुळे प्रत्येक भागाला साचा उघडण्याच्या दिशेने किंचित उतार द्यावा लागतो आणि पोकळ पोटरी डावी-उजवी अशा दोन अर्ध्या कवचांत करावी लागते. ही कवचं जुळली की मधोमध एक रेघ दिसते. किट जोडणाऱ्यांच्या निम्म्या कष्टांचं मूळ या रेघेत आहे.

दुसरी अट जाडीची. जाड भाग बाहेरून आधी गार होतो आणि आतून नंतर आकसतो. मग पृष्ठभागावर खळगा पडतो, त्याला कारखान्यात सिंक मार्क म्हणतात. म्हणून भागांच्या भिंती पातळ आणि शक्यतो सारख्या जाडीच्या ठेवतात. शिवाय पॉलिस्टायरीन गार होताना साधारण अर्ध्या टक्क्याने आकसतं. शंभर मिलिमीटरचा भाग हवा असेल तर साचा तेवढा मोठा कोरावा लागतो. एका भागाच्या भोकात दुसऱ्याची खीळ दाबून बसवायची आणि गोंदाशिवाय ती घट्ट राहायला हवी, तर चूक काही शतांश मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन, म्हणजे सात शतांश मिलिमीटर असते. ही कसोटी किती बारीक आहे ते यावरून समजावं.

तिसरी अट सांध्याची. टणक प्लास्टिकची खीळ टणक प्लास्टिकच्याच भोकात वारंवार फिरली तर झिजते आणि पाय लुळा पडतो. यावरचा जुना उपाय म्हणजे पॉलिथीनची मऊ टोपी, पॉलिकॅप. ती खिळीला सर्व बाजूंनी धरते, फिरू देते आणि लवकर झिजत नाही. २०१० च्या रिअल ग्रेडने वेगळी वाट घेतली. एकमेकांना न चिकटणारी दोन प्लास्टिकं एकामागून एक त्याच साच्यात ओतली. त्यामुळे खीळ आणि तिला धरणारं भोक एकत्रच जन्माला येतात. रनरवरून सोडवलेला पायाचा सांगाडा हातात घेतला की तो लगेच वाकतो. आपण काहीही न जोडता गुडघा तयार असतो.

ईटच्या टेबलावर

असा किट गावात येतो तो बहुधा कुरिअरने, आणि महाग पडतो. खेळणी आणि छोट्या मापाच्या प्रतिकृती यांच्यावरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. म्हणून पहिला किट छोटा घ्यावा. २०२० साली निघालेला एंट्री ग्रेडचा आरएक्स-७८-२ हाताने सोडवून जोडता येतो, त्याला कटरही लागत नाही. आधी तो करावा, मग बारीक कामाचा रिअल ग्रेड हाती घ्यावा.

हत्यारांसाठी शहर गाठायची गरज नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वायर कापायचा छोटा सपाट तोंडाचा कटर असतो, तो चालतो. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर मिळतो. नवं धारदार ब्लेड, चिमटा आणि कापायला खाली जुनी जाड पाटी एवढं पुरे. जागा खिडकीजवळची, दिवसाच्या उजेडाची घ्यावी.

भाग कापायच्या आधी रनर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवावेत. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यावर असू शकतो आणि रंग तिथे धरत नाही. मग पुस्तिकेतल्या क्रमाने, त्या पायरीला लागतील तेवढेच भाग सोडवावेत. सगळे भाग एकदम कापले तर डावी पोटरी कुठली आणि उजवी कुठली हे शोधण्यात वेळ जातो.

कापणं दोनदा. पहिल्यांदा भागापासून दोनेक मिलिमीटर लांब, दुसऱ्यांदा जवळ. एकदम जवळ कापलं तर ताणाने प्लास्टिक तिथे पांढरं पडतं किंवा छोटा खड्डा उपटून येतो. उरलेलं टोक ब्लेडने पातळ पापुद्रे काढत उतरवावं; ब्लेडची धार नेहमी बोटांपासून दूर जाईल अशी धरावी. शेवटी वॉटर पेपर ओला करून घासावं. ओल्याने घासलं की भुकटी हवेत उडत नाही, फुप्फुसात जात नाही.

पोटरीची दोन कवचं कायमची मिटवण्याआधी आतला गुडघा बसतो का, वाकतो का, हे पाहावं. दाबून बसवलेली खीळ नंतर सहज सुटत नाही. अनुभवी माणसं खिळीचं टोक तिरकं छाटतात म्हणजे चाचणीपुरतं जोडून पुन्हा उघडता येतं. मधली रेघ घालवायची तर प्लास्टिक विरघळवणारा मॉडेल सिमेंट दोन्ही कडांना लावून थोडं थांबावं आणि मग दाबावं. विरघळलेलं प्लास्टिक रेघेतून किंचित बाहेर येतं. दोन-तीन दिवस पूर्ण कडक होऊ द्यावं आणि ४००, ६००, १००० या क्रमाने घासावं. दोन तुकडे खरोखर एक होतात. झटपट चिकटवणारा सुपरग्लू इथे तितका चांगला नाही. तो प्लास्टिक विरघळवत नाही आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक येते. कोणताही गोंद सांध्यात जाणार नाही याची काळजी सगळ्यांत मोठी.

रंगाच्या बाबतीत हवामान ठरवतं. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर प्रकारचा रंग फवारला तर त्यात बाष्प अडकून रंग दुधाळ होतो. कोकणात हा त्रास कायमचा. ईटचा बालाघाटचा भाग कोरडा, पण उन्हाळ्यात वेगळी अडचण. दुपारच्या तापलेल्या हवेत फवाऱ्याचा थेंब भागापर्यंत पोचायच्या आत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, वर वाऱ्याची धूळ चिकटते. इथे रंगकामाला उत्तम वेळ म्हणजे हिवाळ्यातली उन्हं वर आल्यानंतरची सकाळ, आणि उन्हाळ्यात अगदी पहाटे वारा पडलेला असताना. थिनरची वाफ डोक्यात चढते. खोली उघडी हवी, तोंडावर वाफ अडवणारा मास्क हवा आणि लहान मुलं तिथे नकोत.

रंगाचा थरही मोजावा लागतो. खिळीवर बसलेला पातळसा रंगदेखील भोकात घासतो, खरवडला जातो किंवा भोकाच्या कडा ताणून तडकवतो. सांध्याच्या जागी कागदी टेप लावून ती कोरी ठेवावी. खाचांमध्ये पातळ काळा इनॅमल रंग सोडून कवचाच्या फटी उठावदार करतात, तेव्हाही हात आवरता घ्यावा. घट्ट बसवलेल्या, ताणाखाली असलेल्या भागात थिनर मुरला तर तो काही तासांत तडकू शकतो. सांगाडा एबीएस या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकचा असेल तर हा धोका जास्त. म्हणून जोडण्याआधी, सुट्या भागांवर रेघा भराव्यात.

पारख

पूर्ण झालेला यंत्रमानव सुंदर दिसतो का, एवढं पाहून किटचं मोल ठरत नाही. सुंदर दिसणं चित्रकाराच्या आराखड्यात आधीच होतं. किट करणाऱ्याने त्या आराखड्याचे तुकडे कुठे पाडले, यात त्याचं कौशल्य आहे. पारखायचं ते हेच.

पहिली कसोटी फटींची. दोन कवचांची मधली रेघ उघड्या पृष्ठभागावर सोडली आहे, की यंत्रातल्याच एखाद्या फटीच्या जागी नेऊन लपवली आहे? चांगल्या किटमध्ये पोटरीवरची रेघ खऱ्या यंत्राच्या पत्र्याच्या सांध्यासारखी दिसते आणि घासायचं काम वाचतं. दुसरी कसोटी गेटची. भाग तोडल्याची खूण दर्शनी बाजूला येते, की जोडल्यावर झाकल्या जाणाऱ्या कडेखाली? तिसरी रंगाची. पांढरा, निळा, लाल, पिवळा भाग त्या त्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये आला आहे का? बंदाईची यंत्रं एकाच चौकटीत चार रंगांचं प्लास्टिक ओततात, त्यामुळे न रंगवताही यंत्रमानव जवळपास पूर्ण दिसतो. चौथी हालचालीची. गुडघा पूर्ण वाकल्यावर पुढचं कवच सरकून जागा देतं का, की मधे पोकळी उघडी पडते? घोटा इतका वळतो का, की पाय फाकून उभं राहिल्यावरही तळवा जमिनीला सपाट टेकेल?

पाचवी कसोटी मापाची, आणि इथे १४४ लागतो. कवचावरची खाच ०.२ मिलिमीटर रुंद असेल तर खऱ्या यंत्रात ती जवळपास २९ मिलिमीटरची फट झाली. त्या फटीत बोट जाईल. विमानाच्या पत्र्यात अशी फट कोणी ठेवणार नाही. १/१४४ च्या किटमध्ये सगळ्या रेघा जाड आणि खोल असतील तर तो खेळण्यासारखा दिसतो. बारीक आणि कमी-अधिक असतील तर आकार मोठा भासतो. हाच हिशेब आपल्या रंगालाही लावावा. ०.०५ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या यंत्रावर सात मिलिमीटरचा लेप.

सहावी कसोटी टिकण्याची. सांधा पहिल्या दिवशी घट्ट असणं सोपं आहे. हत्यार हातात देऊन, पुन्हा पुन्हा वाकवून, महिनाभर फळीवर उभा ठेवून पाहावं. २०१० चा रिअल ग्रेड आरएक्स-७८-२ इथे थोडा मागे पडतो. साच्यातच तयार झालेला सांगाडा ही मोठी कामगिरी आहे, पण ते सांधे हाताळून सैल होत जातात आणि बारीक कवचं सुटून पडतात. साडेबारा सेंटिमीटरच्या आकृतीत इतका तपशील भरण्याची ती किंमत आहे. एंट्री ग्रेडमध्ये तपशील कमी, पण तो न कुरकुरता खेळवता येतो. म्हणून दोघांना एकाच पट्टीने मोजू नये. फळीवर ठेवून न्याहाळायला रिअल ग्रेड, हातात धरून सांधे समजून घ्यायला एंट्री ग्रेड: ज्या कामासाठी किट केला आहे, ते काम तो करतो का, हे विचारावं.

आपल्या हाताची पारखही याच काटेकोरपणे करावी. रंगाआधीच्या प्रायमरचा एकरंगी राखाडी थर दिल्यावर भाग खिडकीशी तिरप्या उजेडात धरावा. राहिलेली रेघ, ओरखडा, खळगा सगळं तिथे उघडं पडतं. रंग चढल्यावर दुरुस्ती अवघड असते, प्रायमरवर ती सोपी असते.

किटच्या पलीकडे

एवढं काम केल्यावर घरातल्या वस्तू वेगळ्या दिसू लागतात. प्लास्टिकची बादली उलटी करून पाहावी, तळाच्या मध्यावर एक छोटी गोल खूण असते. ते गेट. तिथून प्लास्टिक चारी बाजूंना सारखं पसरलं. बादली तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असते, तो साच्यातून सुटण्यासाठीचा उतार. त्यामुळेच बादल्या एकात एक बसतात. खुर्चीच्या पाठीखालच्या पट्ट्या पाहाव्यात, जाडी न वाढवता मजबुती देण्यासाठी त्या आहेत. विजेच्या बोर्डाचं झाकण काढलं की आतल्या बाजूला इजेक्टर पिनांचे गोल ठसे सापडतात. ज्याने किट जोडताना हे शब्द हाताने शिकले, त्याला या वस्तूंमागचा साचा दिसतो.

आणि साचे करणं हा महाराष्ट्रातला मोठा, मानाचा व्यवसाय आहे. पुण्याजवळ भोसरी-चाकणला, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे दिवे, डॅशबोर्ड, स्विच, बाटल्यांची बुचं यांचे साचे तयार होतात. पोलाद सीएनसी यंत्रावर कोरलं जातं, यंत्राचं हत्यार जिथे पोचत नाही ते बारीक कोपरे ठिणग्यांनी झिजवणाऱ्या ईडीएम यंत्रावर काढले जातात आणि शेवटची झळाळी अजूनही माणसाचा हात देतो. हे शिकवणाऱ्या संस्था मराठवाड्यातच आहेत. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची पदविका देते. तिथल्याच सिपेट या केंद्र सरकारच्या संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञान आणि साच्यांचं शिक्षण मिळतं. आयटीआयमध्येही टूल अँड डाय मेकरचा अभ्यासक्रम असतो.

खेड्यातल्या मुलांना या व्यवसायाचं नावही बहुधा दहावीनंतरच ऐकू येतं, कारण साचा ही वस्तू कारखान्याच्या दाराआड असते. हातात येतो तो फक्त तयार माल. किटमध्ये मात्र माल, रनर आणि गेट एकत्र येतात; साच्याने केलेलं काम जसंच्या तसं समोर असतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: ईटसारख्या गावातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत एक स्वस्तातला, हाताने जोडायचा किट असावा आणि तो जोडून झाल्यावर त्याचे मोकळे रनर फेकून न देता भिंतीवर लावावेत. त्या रनरवर बोट ठेवून, प्लास्टिक कुठून आलं, कुठे वळलं आणि गुडघ्यापर्यंत कसं पोचलं, हे आठवीच्या मुलीला सांगता आलं, तर उत्पादन अभियांत्रिकीचा पहिला धडा तिचा झाला.